बसऱ्यानंतरचा सामना

पलटणीच्या जुन्या फुटबॉल क्लबचा इतिहास लिहिताना गिरीधर एका पानावर अडला. पहिल्या महायुद्धाआधीच्या संघात जी अकरा नावं होती, तीच युद्धानंतरच्या पहिल्या सामन्यातही होती. पण त्यातले सात जण तर बसऱ्याला मारले गेले होते. “कारकुनाची चूक असेल, सात नावं गाळा,” असं क्लबनं कळवलं. गिरीधरला राहवेना. तो तांबरमला अन्नपूर्णामामींकडे गेला. त्यांचे आजोबा त्या संघाचे गोलरक्षक होते. “चौघंच खेळले रे,” मामी म्हणाल्या. “त्या सातांच्या जागी दुसरं कुणी घ्यायला त्यांचं मन होईना.” “अकरांसमोर चौघं?” “अय्यो, नाही! समोरच्यांनीही आपले सात गडी बाहेर बसवले.” “मग जिंकलं कोण?” “आमचे हरले. आजोबा ते सांगायचे आणि डोळे पुसत हसायचे.” घरी येऊन गिरीधरनं त्या सामन्याचा संघ लिहिला. एकही नाव त्यानं गाळलं नाही.