मिठाची साक्ष

"विधवा बाई मासा तोंडाला लावत नाही. मग मीठ बरोबर पडलं, हे हिला कळलं कसं?"

भूतनाथ शीलच्या वकिलानं पालखीकडे बोट दाखवलं आणि कलकत्त्याचं हायकोर्ट खो खो हसलं. पालखीचे पडदे ओढलेले होते. आत निस्तारिणी दातओठ खात बसली होती.

माशांच्या पदार्थांचं पुस्तक तिनं लिहिलं. छापखानेवाल्या भूतनाथनं त्यावर स्वतःचं नाव घातलं, आवृत्त्यांवर आवृत्त्या विकल्या, आणि वर म्हणत होता, सगळं आपल्याच डोक्यातलं!

"खाल्ले म्हणा," वकील गोडीत म्हणाला, "नाहीतर पुस्तक आमचं म्हणा."

मेला पक्का होता. खाल्ले म्हटलं तर घर सुटणार. विधवा सासू क्षीरोदासुंदरी म्हणजे सोवळ्याचा कळस. एकादशीला पाण्याचा थेंब नाही. तिच्या पूजाघरात सुनेखेरीज कुणाचं पाऊल पडत नसे. स्वयंपाक झाला की निस्तारिणीनं आधी तिथे झाकलेली वाटी नेऊन ठेवायची, मगच दिरांची पानं वाढायची. आजही वाटी ठेवूनच ती निघाली होती.

तिनं पडदा सर्रकन बाजूला सारला.

"खाल्ले! इलिश, रोहू, कोळंबी, एकूण एक! बोटं चाटून खाल्ले. आता माझं पुस्तक टाका इकडे!"

जज्जसाहेबांनी निकाल दिला, की आपल्याच लोकांसमोर असली नामुष्की कुणी बाई खोटं बोलून ओढवून घेणार नाही. पुस्तक हिचंच. भूतनाथनं छपाई बंद करावी.

बातमी पालखीच्या आधी घरी पोचली. दारात शेजारणी जमल्या होत्या. उंबऱ्यावर क्षीरोदासुंदरी जपमाळ घेऊन उभी.

"काकीमा, हाकला या भवानीला!" एक शेजारीण ओरडली.

निस्तारिणीनं मान खाली घातली नाही. "हाकला की! पुस्तक घेऊन जाईन."

सासूनं तिचा दंड धरला, तिला आत ओढलं आणि शेजारणींच्या तोंडावर दार लावून कडी घातली. मग पूजाघरातून वाटी आणून सुनेच्या हातात दिली. वाटी चाटूनपुसून लख्ख होती.

"आज इलिशात मोहरी जास्त झाली, बौमा. नव्या आवृत्तीत कमी कर. तू मेली जन्मात चाखायची नाहीस, सगळं मलाच सांगावं लागतं."