चरायची सुट्टी

दिवसभर घोड्यावरून डोंगरवाटा पालथ्या घालायची हौस काकूंची. काका आपले नेहमीप्रमाणे ‘हो’ म्हणून मोकळे झाले होते. निघतानाच वाटाड्याने काकांना बजावलं, “लगाम घट्ट धरा. सैल पडला की घोडा समजतो, चरायची सुट्टी झाली.” काकूंच्या घोड्याचा दोर मात्र त्याने स्वतःच्याच हातात ठेवला.

काकांनी अगदी मुठी आवळून लगाम धरला, तरी त्यांचा घोडा चार पावलं गेला की थांबायचा आणि गवतात तोंड खुपसायचा. मागून काकूंच्या तोंडाचा पट्टा सुरू, “अहो, ओढा ना त्याला! अहो, सगळे पुढे गेले! अहो, साधा एक घोडा आवरत नाही तुम्हाला?”

घोडा ढिम्म. ऊन उतरायला लागलं, बाकीची मंडळी टेकडीआड दिसेनाशी झाली.

शेवटी वाटाड्याला हसू आवरेना. “काकू, ‘हो’ म्हटलं की थांबून चरायचं, असं आम्हीच शिकवलंय त्याला. तुमच्या ‘अहो’मधलं त्याला तेवढंच ऐकू येतं. काकांना नावाने हाक मारा, बघा कसा चालतो!”

काकू लाजून लालबुंद. लग्नापासून कधी ओठांवर न आलेलं ते नाव त्यांनी इकडेतिकडे बघत कसंबसं घेतलं. घोडा खरंच चालू लागला.

 

पण काकांच्या हातातून लगामच गळून पडला, आणि घोड्याला पुन्हा सुट्टी मिळाली.