नमुन्याचं गाव

राज्यातल्या खेड्यांची आर्थिक आणि सामाजिक पाहणी करायचं सॉफ्टवेअर नम्रताच्या कंपनीने तयार केलं खरं, पण डेमोचा दिवस उजाडला तरी एकाही खेड्याची माहिती हाती आली नव्हती. खोटी माहिती भरायला तिचं मन होईना. मग नमुना म्हणून तिने सरळ आपल्याच घराची खरीखुरी माहिती भरून टाकली. पाणी? टँकरचं, तेही एक दिवसाआड. वीज? दिवसातून सहा तास गायब. रस्ता? कच्चा, आणि पावसाळ्यात तोही नाही. बस? फाट्यापर्यंत, पुढे दोन किलोमीटर पायी. शाळा, दवाखाना, पोस्ट? नाही, नाही, नाही.

कॉम्प्युटरने क्षणात निकाल दिला: 'अतिमागास. तातडीने मदत हवी.'

डेमो पाहायला आलेले सरकारी अधिकारी देवतळेसाहेब हेलावलेच. हातातला चहा बाजूला ठेवून म्हणाले, "स्वातंत्र्याला साठ वर्षं झाली, आणि माणसं अजून अशी राहतात! आपल्याला इथे पुण्यात बसून काय कळणार? मी स्वतः जाऊन येतो. अहो मॅडम, कुठलं गाव हे?"

"गाव नाही सर," नम्रता ओशाळून म्हणाली. "माझी सोसायटी. रॉयल पॅराडाइज, फेज टू."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि स्क्रीन पुन्हा एकदा नीट वाचली.

 

"फेज थ्रीला टँकर तरी येतो ना हो? गेल्याच आठवड्यात बुकिंग केलंय मी."