जांभळ्या पापण्या

लोर्नाच्या दोन्ही पापण्या सुजून जांभळ्या पडल्या होत्या, आणि कॉफीचा कप उचलायलाही तिला दोन्ही हात लागत होते. रविवारी चर्चच्या हॉलमध्ये तिला तशी पाहून थोरली बहीण मार्लिस सरळ मेव्हण्यासमोर जाऊन उभी राहिली.

"व्हर्लिन, बायकोवर हात उचलतोस? लाज नाही वाटत?"

साऱ्या गावासमोर व्हर्लिनचा चेहरा लालबुंद झाला.

"ताई, तो नाही गं मारत," लोर्ना म्हणत राहिली.

"सगळ्या हेच म्हणतात," मार्लिस फणकारली. पोलिसांत द्यायला कागद हवा, म्हणून सोमवारी ती बहिणीला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी पापण्या पाहिल्या, बोटांच्या सांध्यांवरचे लाल चट्टे पाहिले, हात वर करायला लावले. "हिला कुणी मारलेलं नाही. हा कातडीचा आणि स्नायूंचा आजार आहे, डर्मॅटोमायोसायटिस. मोठ्या वयात तो झाला की कधी कधी आत कॅन्सर दडलेला असतो. लगेच शोधायला हवं."

अंडाशयात गाठ सापडली, अगदी सुरुवातीची. ती काढली. लोर्ना वाचली.

मार्लिस मान खाली घालून माफी मागायला गेली. दार उघडणारा व्हर्लिन संतापाने नुसता धुमसत होता.

"तुझ्यावर नाही चिडलो मी. तीन महिने रोज तिच्यासमोर बसून जेवलो. वाटलं, रडून डोळे सुजले असतील... आणि का रडतेस, एवढंही विचारलं नाही."