दोन डावे हात

क्रूसावर चढवायची मूर्ती बाकावर उताणी निजली होती आणि तिला अजून हात नव्हते. मनगटांच्या जागी दोन रिकाम्या खाचा होत्या. हात वेगळ्या लाकडात कोरायचे आणि अगदी शेवटी सरस लावून बसवायचे, ही वडिलांपासून चालत आलेली रीत. कोरणे थोरल्याकडे; घासणे आणि बसवणे धाकट्याकडे.

धाकट्याने फडक्यात गुंडाळलेले दोन्ही हात काढले. एक डाव्या खाचेशी धरून पाहिला, दुसरा उजव्या. मग दुसरा पुन्हा एकदा.

“दादा, हे दोन्ही डावेच आहेत.”

थोरला पटाशीला धार लावत होता. त्याने मान वर केली नाही. “नीट बघ.”

“नीटच बघतोय. इकडचा अंगठा जमिनीकडे जातोय.” तो हसला. “आता देवाचं कोपर उलटं बसवू का?”

थोरल्याने तो हात घेतला आणि खिडकीशी नेऊन फिरवून पाहिला. तळव्यावरच्या रेषासुद्धा सुरेख उतरल्या होत्या. हात डावाच होता.

हात पाहून कोरायचा, आठवून नाही, असे वडील सांगत. म्हणून एकाने कोरताना दुसऱ्याने आपला हात बाकावर ठेवायचा. या वेळी थोरल्याने धाकट्याला बोलावलेच नव्हते. मूर्तीचे काम सांगायला आलेले फादर जाता जाता म्हणाले होते, “हात मात्र धाकट्याचे बघून करा. मंडळीला मग माझ्या प्रवचनाची गरज उरणार नाही.” त्या रात्री थोरला जेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून दार लावून, स्वतःचा डावा हात समोर ठेवून तो कोरत बसला. उजव्यासाठी तोच हात मनात उलटा करायचा होता. तीन दिवस त्याच्या मनात दुसरेच काही उलटेसुलटे होत राहिले.

त्याचा हा डावा हात नऊ वर्षांपूर्वी फिरत्या करवतीखाली चालला होता. धाकट्याने आपला उजवा हात मध्ये घालून तो बाहेर ढकलला. थोरल्याची दहाही बोटे वाचली. धाकट्याची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट गेले.

तेव्हापासून थंडी पडली की आई धाकट्याला विचारी, “हात ठणकतो का रे?” दरवर्षी गुड फ्रायडेला फादर त्याला उभे करत आणि म्हणत, “दुसऱ्यासाठी स्वतःचं देणं कसं असतं, ते बघायला आपल्याला लांब जावं लागत नाही.” सगळी मंडळी त्या हाताकडे पाही. मग सगळ्यांचे डोळे शेजारी बसलेल्या थोरल्याच्या मांडीवर येत, जिथे दहा बोटे एकमेकांत अडकून बसलेली असत. वाचवणाऱ्याला एकदाच द्यावे लागते, थोरल्याला वाटे. वाचलेल्याला मात्र रोज घ्यावे लागते. धाकट्याने एकदा तरी टोमणा मारला असता, तर भाराचा एखादा तरी दगड उतरला असता. पण टोमणा सोसण्याचा तेवढाही मोठेपणा त्याने थोरल्यासाठी ठेवला नव्हता.

“परवा न्यायला येतील,” धाकटा म्हणाला. “मला हाक का नाही मारलीस?”

“तुझा हात तिथे वर टांगलेला बघायचा नव्हता मला.” थोरल्याच्या तोंडून निघून गेले. मग थांबवतच आले नाही. “कशाला घातलास तेव्हा हात? कुणी सांगितलं होतं?”

धाकटा फडक्याची घडी घालत राहिला.

“विचार करायला वेळ मिळाला असता, तर नसता घातला.”

थोरल्याने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिले.

“फादरना सांगितलं होतं हे,” धाकटा म्हणाला. “ते म्हणाले, किती नम्र आहेस बाळा. आणि पुढच्या वर्षी तेही प्रवचनात आलं.”

धाकट्याने घडी घातलेले फडके बाजूला ठेवले.

“तू नाकाडोळ्यांचं काम काढतोस ना, तेव्हा मी घासायचं यंत्र चालू करतो. घासायला काही नसलं तरी.” त्याने मूर्तीच्या पापणीवरून अंगठा फिरवला. “तुझ्या पटाशीचा आवाज ऐकवत नाही. बाबांनी ती आधी माझ्या हातात दिली होती, दादा. तुला आठवत नसेल.”

थोरल्याला आठवत होते. पटाशी त्याच्याच हातात होती. तिची मूठ धाकट्याच्या पकडीच्या मापाने केलेली होती. नऊ वर्षांत ती थोरल्याच्या तळव्याला कधी सरावली नव्हती.

मग धाकट्याने लाकडाचा एक कोरा ठोकळा बाकावर ओढला आणि त्यावर आपला उजवा हात पालथा ठेवला.

“आख. हा उजवा आहे, एवढं तरी नक्की.”

थोरल्याने पेन्सिल घेतली. मनगटापासून सुरुवात केली, अंगठा वळला, तर्जनी, मधले बोट. तिथून उतरल्यावर पेन्सिलीला जायला वाट नव्हती. पुढे नुसते लाकूड होते.

मग त्याने आपल्या डाव्या हाताची दोन बोटे त्या रिकाम्या जागेत टेकवली आणि त्यांच्या कडेने रेघ पुढे नेली.

“हलवू नकोस,” धाकटा म्हणाला.