पिवळा हात

"चंदा, हात खाली," रमाकांत सर म्हणाले आणि कॅमेऱ्यासमोर पंजा वरून खाली दाबून दाखवला. नेटचा भरवसा नसल्यामुळे प्रत्येक हुकूम त्यांनी खुणेसकट शिकवला होता. "शंका शेवटच्या पाच मिनिटांत. नियम कितवा?"

"सहावा, सर," भावेश म्हणाला.

चंदाच्या चौकोनात उगवलेला पिवळा हात नाहीसा झाला.

सातवीचा वर्ग, एकोणतीस चौकोन. तिसावा चौकोन तपासणीच्या मॅडमचा. त्यात मॅडम नव्हत्या. एक गोल होता आणि गोलात त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर. कॅमेरा चालू ठेवणे हा नियम पहिला, पण तो विद्यार्थ्यांसाठी. रमाकांत सरांना सावंतवाडीहून सिल्वासात येऊन अकरा वर्षं झाली होती आणि अकराही वर्षं ते कंत्राटी होते. दर जूनला नवी ऑर्डर. यंदाची ऑर्डर मॅडमच्या शेऱ्यावर अडली होती. म्हणून सरांनी काल ग्रुपवर स्वतःच्या आवाजात बजावलं होतं: उद्या शंभर टक्के हजेरी, घरात काही का होईना, सबब चालणार नाही.

एकूण नियम बारा. अंगात गणवेश, मागे कोरी भिंत. घरातलं माणूस चौकटीत दिसता कामा नये. न विचारता उठायचं नाही. सरांनी 'जा' म्हटलं की जायचं. कोरी भिंत लिहिताना सरांच्या डोळ्यांसमोर स्वतःचं क्वार्टर होतं, मुलांची राखोलीच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली नव्हती. सायली संडासाच्या दाराला पाठ लावून बसायची, कारण घरात तेवढाच भाग कोरा होता. चंदाने मात्र खोलीच्या मधोमध दोरी बांधून पांढरी चादर टांगली होती. दोन वेण्या, रिबिनी, इस्त्रीचा गणवेश. बाप नथू, धुळ्याकडचा, सुताच्या कंपनीत मशीनवर. मोबाईल कुठला घेऊ, हे विचारायला तो एकदा शाळेत आला होता आणि चपला बाहेर काढून आला होता.

"चंदाकडे बघून शिका," सर रोज म्हणत. आज मॅडमना दाखवायला तीच तर होती.

पिवळा हात पुन्हा वर आला.

"सर, मला ना..."

"तेच सांगतोय. मॅडमना नियम म्हणून दाखव. एक ते बारा."

चंदाचा माइक चालू राहिला आणि तिच्याबरोबर आणखी एक आवाज वर्गात आला. बायकांचा. चढत जाणारा, मग एकदम तुटणारा.

"मागे टीव्ही चालू आहे का?" गोलाने विचारलं.

"शेजारी असेल, मॅडम. चंदा, टीव्ही बंद करायला सांग."

"टीव्ही नाहीये, सर."

"उलट उत्तर नको. म्हण."

"नियम पहिला. कॅमेरा चालू ठेवावा. नियम दुसरा. पाठीमागे कोरी भिंत असावी. नियम तिसरा. घरातील व्यक्ती..."

"चंदे, चाल व माय," चादरीमागून एक बाई ओरडली. "बापनं तोंड देखी ले. उचली राहिनात!"

सरांचं बोट आधी धावलं, कान मागून. बापाचं तोंड बघून घे, उचलतायत, हे त्यांना कळलं तेव्हा चंदा म्यूट झाली होती. तिचे ओठ हलतच होते. चौथा. पाचवा.

"छान तयारी आहे," गोल म्हणाला. "मी मुलांशी दोन शब्द बोलते."

नियम सातवा: पाहुणे बोलत असताना सर्वांनी म्यूट राहावे, शिक्षकांनीसुद्धा. हा नियम मॅडमना आवडेल, असं सरांना लिहितानाच वाटलं होतं. सवयीने त्यांनी स्वतःचाही आवाज बंद केला.

तेवढ्यात वरून कुणीतरी चादर ओढून काढली. वाटेत येत होती. मागे चारजण उकिडवे बसले होते, मधे तिरडी. तिरडीवर नथू. कपाळाला गुलाल, नाकात कापूस. आज त्याच्या पायांत चपला नव्हत्याच.

चंदाने मागे पाहिलं, पुन्हा मोबाईलकडे पाहिलं. पिवळा हात वर आला.

"शिस्त म्हणजे काय, मुलांनो?" मॅडमनी विचारलं आणि सांगायलाही लागल्या.

सरांचं बोट माइकच्या बटणावर जाऊन थांबलं. एकदा दाबायचं आणि 'जा' म्हणायचं, एवढंच. पण मॅडम वाक्याच्या मधे होत्या. वाक्य संपलं की म्हणू. एक वाक्य संपलं, त्याच्या शेपटाला धरून दुसरं आलं. जून तोंडावर होता.

सर ओठांनीच म्हणाले, "जा." मग हाताने खूण केली. जा, पोरी, जा. चारदा पंजा हलवला. मोबाईलच्या एवढ्याशा चौकोनात तो पंजा वरून खाली येताना दिसला. खुणा त्यांनीच शिकवल्या होत्या.

चंदाने मान डोलावली. पिवळा हात खाली गेला.

तिने हाताची घडी घातली आणि ती ताठ बसली. तिच्या मागे चारजण एकदम उभे राहिले. खोली हलली, रिकामी होत गेली. बायकांची तोंडं उघडत होती, मिटत होती. शेवटची बाई दाराकडे जाता जाता चंदाच्या दंडाला धरून ओढू लागली. चंदाने मोबाईलवरची नजर न हलवता दंड सोडवून घेतला.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "माझं बोलणं चालू असताना एक मूल जागचं हललं नाही. उत्तम, रमाकांत सर."

चंदाच्या मागे आता कोरी भिंत होती.