वाटणीच्या गोळ्या

मनोरुग्णालयातल्या त्या वॉर्डात गोळ्या दिल्या की सिस्टरबाई प्रत्येकाला जीभ वर करायला लावत. तरीही गोळ्या लपवण्यात सगळ्या पेशंटांत मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. आज त्यांच्या उशीखाली क्षयाच्या चार गोळ्या सापडल्या आणि सिस्टरबाईंचा पारा चढला.

"मास्तर, स्वतःच्याच जिवावर उठलात का?"

"त्या याच्या वाटणीच्या आहेत हो." मास्तरांनी शेजारच्या खाटेकडे बोट दाखवलं. "महिनाभर खोकतोय बिचारा. त्याला कुणी देतच नाही."

शेजारचा जन्माचा मुका. सिस्टरबाईंनी त्याचा केसपेपर उघडला. खोकल्याच्या रकान्यात दर आठवड्याला, त्यांच्याच अक्षरात, एकच शेरा होता: "विचारलं. काही तक्रार नाही."